वाळलं नाही अजून

डाव्या बुटाखाली पोलादी तळवा बसवून त्याचा पट्टा आवळता आवळता आस्गर पुन्हा तेच पुटपुटला.

"त्यॉर इके."

शर्यतीच्या गाड्या तयार करतात त्या पिटच्या पत्र्याखालून मी मान बाहेर काढून आभाळ पाहिलं. पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती. ट्रॅकवरचा तांबडा मुरूम भिजून काळपट झाला होता आणि एक ट्रॅक्टर त्याच्यावरून फळी ओढत फिरत होता.

"वाळेल रे," मी म्हणाले. "पश्चिमेला उघडलंय बघ. थोड्या वेळात होईल खडखडीत."

आस्गरनं वर पाहिलं. क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला आणि मग हसला.

"तू म्हणतेस तर वाळेल," तो म्हणाला.

आम्ही दोघं आपसात इंग्रजीत बोलायचो. बापाशी तो डॅनिशमध्ये बोलायचा, आणि स्वतःशीही. मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नसे, पण काही शब्द कानाला सरावले होते. त्यॉर म्हणजे कोरडं. हा शब्द मी सासरच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवरून पहिल्याच आठवड्यात उचलला. इके म्हणजे नाही. गेले दोन महिने हा माणूस दाढी करताना, गाडी हाकताना, बागेत टोमॅटोला पाणी घालताना मध्येच 'त्यॉर इके' म्हणायचा आणि मी आपली दर वेळी त्याला हवामान सांगायची. ट्रॅक ओला आहे की कोरडा, यावर या लोकांचं सगळं गणित. तेव्हा डोक्यात तेच घोळत असणार, असं मी धरून चालले होते.

मी मिरजेची. फिजिओथेरपी शिकून इंग्लंडातल्या एका लहान गावच्या दवाखान्यात नोकरीला लागले, आणि तिथं एका सकाळी गळ्यात हात अडकवलेला एक उंच डॅनिश माणूस समोर येऊन बसला. तो तिथल्या क्लबाकडून स्पीडवेच्या शर्यती खेळायचा. मला शर्यत म्हटलं की आमच्याकडची बैलगाड्यांची ठाऊक. लग्नाचं कळवलं तेव्हा आईनं फोनवर विचारलं, "मुलगा करतो काय?" मी म्हटलं, "मोटारसायकल चालवतो." आई म्हणाली, "ते झालं गं, पण करतो काय?"

लंबगोल ट्रॅक, चार स्वार, चार चकरा, जेमतेम मिनिटभराचा खेळ. वळणावर गाडी आडवी टाकायची, डावा पाय जमिनीवर घासत न्यायचा आणि मुरूम मागच्याच्या तोंडावर उडवायचा. या गाडीला गिअर एकच असतो आणि ब्रेक मुळीच नसतात. ब्रेक नसतात हे मला लग्नानंतर समजलं. आधी समजलं असतं तरी मी लग्न केलंच असतं म्हणा, पण आईला सांगितलं नसतं. अजून सांगितलेलं नाही.

माझं नाव वैजयंती. डॅनिश लोक 'ज'चा 'य' करतात, त्यामुळे तिकडे मी वाययंती झाले आणि पुढं त्यांना तेही जड झाल्यावर नुसती वाया. आपल्याकडे वाया म्हणजे काय, ते मी सासरी कुणाला सांगितलं नाही. सासरी होतं तरी कोण? एक सासरे, व्हिगो. आस्गरची आई तो लहान असतानाच गेलेली. व्हिगोंनी पोराला एकट्यानं वाढवलं आणि चौदाव्या वर्षी गाडीवर बसवलं. तेव्हापासून त्याची इंजिनं तेच खोलायचे, तेच जोडायचे, आणि प्रत्येक फेरीला गाडी ढकलून सुरू करून द्यायलाही तेच. त्यांच्या भाषेत लहानथोर सगळ्यांना 'तू'. सासऱ्यांना तू म्हणताना माझी जीभ अडखळायची. इथं लिहिताना मी त्यांना 'तुम्ही'च करणार.

आदल्या उन्हाळ्यात आस्गरच्या पुढची गाडी वळणावर पडली. हा तिच्यावर आदळून उडाला आणि कुंपणाच्या फळ्यांत शिरला. खुबा मोडला, मांडीचं हाड दोन ठिकाणी. सगळा हिवाळा मी डेन्मार्कात व्हिगोंच्या घरी त्याच्याकडून कसरती करून घेतल्या, भिंत धरून त्याला उभं केलं, काठीवर चालवलं, मग बिनकाठीचं. मी माझ्या हातानं त्याचा पाय बरा केला, आणि त्या पायानं हा गडी पुन्हा त्याच गाडीवर चढला. मला सांगा, बायकोनं करायचं काय?

'नको जाऊस' हे मी कधी म्हटलं नाही. पिटमध्ये तसं कुणी म्हणत नाही. आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात, तसं तिथं भीतीचं नाव घ्यायचं नसतं. मोडलेल्या हाडांवर विनोद करायचे, वारलेल्या माणसाच्या गाडीचं कौतुक करायचं, पण भीती नाही. शर्यतीआधी शुभेच्छा द्यायची ती सुद्धा कशी, तर 'मोडू दे, तुटू दे!' अशी. व्हिगो दर फेरीला हे म्हणायचे. एकदा आस्गरला मध्ये घालून मला म्हणाले, "वाया, तूही म्हण." मी म्हटलं, "आमच्याकडे असलं बोललं तर जीभ झडते." ते खोखो हसले होते.

त्या दिवशी कुणी हसत नव्हतं. ही निवडीची शर्यत होती. आस्गरच्या चार फेऱ्या झाल्या होत्या आणि कुणाला वाटलं नव्हतं इतके गुण त्याला मिळाले होते. पाचव्या आणि शेवटच्या फेरीत पहिला किंवा दुसरा आला, तर पुढच्या वर्षी जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत त्याची जागा पक्की. नाही आला, तर तिशीतल्या, एकदा मोडून जोडलेल्या स्वाराला पुन्हा बोलावतंय कोण? बापलेकांचा जन्म ज्यासाठी गेला, ते एका फेरीवर आलं होतं.

आणि मी देव पाण्यात घालून बसले होते, की हे होऊ नये. आदल्या चारही फेऱ्या मी डोळे मिटून ऐकल्या होत्या. चार इंजिनांचा आवाज एकसारखा घुमत असला की जीव जाग्यावर. त्यातला एक मध्येच तुटला, की मी मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटायची. आज आस्गर हरावा असं मला वाटत होतं. त्याहून जास्त वाटत होतं की पाऊसच असा कोसळावा की शर्यत गुंडाळावी लागेल. आई अंबाबाई, एवढं कर, तुझी ओटी भरीन. अंबाबाईनं एक सर पाठवली आणि हात आखडता घेतला.

ट्रॅक्टर बाहेर आला. छत्री घेऊन पंच स्वतः पिटमध्ये उतरले. शेवटच्या फेरीतल्या चौघांना एकेक करून विचारत होते. शब्द कळले नाहीत तरी हात ट्रॅककडे होता, म्हणजे प्रश्न उघड होता. चालेल का? पहिल्यानं अंगठा दाखवला. दुसऱ्यानं, तिसऱ्यानंही.

आस्गर हेल्मेट घालून गाडीशेजारी उभा होता. नुसतं नाक आणि डोळे दिसत होते. त्याचे ओठ हेल्मेटच्या आत हललेले मला जाणवले, कारण मी अगदी खेटून उभी होते.

"त्यॉर इके," तो म्हणाला. कुजबुजलाच.

पंचांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी थोडं थांबून, याची हरकत दिसत नाही असं समजून पाठ वळवली. माझ्या मनात एकदम उजेड पडला. हा स्वतः सांगतोय ट्रॅक ओला आहे म्हणून! एका स्वारानं हरकत घेतली तर पंचांना विचार करावाच लागेल. बुडत्याला काडी सापडली. मी दोन पावलं पुढं झाले आणि जन्मातलं पहिलं डॅनिश वाक्य चारचौघांत ठणकावून बोलले.

"आस्गर त्यॉर इके!"

कुठं पाना वाजत होता तो थांबला. पलीकडच्या खोपटातून कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. पंच सावकाश वळले. माझ्याकडे नाही, आस्गरकडे पाहून त्यांनी हलक्या आवाजात काहीतरी विचारलं. आस्गरनं मान हलवली, नाही. मग चष्मा डोळ्यांवर ओढला. पंच आणखी जरा वेळ उभे राहिले आणि निघून गेले.

मी व्हिगोंकडे पाहिलं. त्यांची मान लाल झाली होती. माझ्याकडे न बघताच ते मुलाला म्हणाले, "बस गाडीवर."

भोंगा वाजला. तो वाजला की दोन मिनिटांत सुरुवातीच्या रेषेवर पोचायचं, नाहीतर फेरीतून बाद. व्हिगोंनी खाली वाकून गाडी ढकलली, इंजिन भडकलं आणि आस्गर गेला. जाताना माझ्याकडे बघायची त्याची रीत होती. त्या दिवशी बघितलं नाही. व्हिगोंनीही नेहमीची अभद्र शुभेच्छा दिली नाही. हात पुसत ते कुंपणापाशी जाऊन उभे राहिले.

"वाया," मागून कुणी हाक मारली. दुसऱ्या एका स्वाराची बायको होती, किर्स्टन. तिला इंग्रजी चांगलं यायचं. "तू आत्ता काय बोललीस, ते तुला कळलंय ना?"

"ट्रॅक ओला आहे म्हणाले. आस्गरच म्हणत होता."

"आस्गर म्हणत होता?" तिचा चेहराच बदलला. "हेच शब्द? याच क्रमानं?"

"हो. रोज म्हणतो. काय झालं?"

तिनं माझा दंड धरला. "कोरडं नाही म्हणायचं तर 'इके त्यॉर'. तू म्हणालीस 'त्यॉर इके'. त्यॉरचा आमच्यात दुसराही अर्थ आहे. धजणं. छाती होणं." तिनं आवाज खाली आणला. "तू पंचांना सगळ्यांदेखत सांगितलंस, की आस्गरची छाती होत नाही."

'ध'चा 'मा' केल्याची गोष्ट मी शाळेत इतिहासाच्या तासाला ऐकली होती. एका अक्षरानं माणूस मरतो, हे तेव्हा कथेसारखं वाटलं होतं. आता एकेक आठवायला लागलं. दाढी करताना, माझी छाती होत नाही. गाडी हाकताना, माझी छाती होत नाही. टोमॅटोला पाणी घालताना, मघाशी तो पट्टा आवळताना. आणि मी म्हणत होते, वाळेल रे, ऊन पडलंय. जो माणूस असा आतून थरथरत होता, त्याला मी भर पिटमध्ये भित्रा म्हटलं होतं. आता तो माघारी फिरणार कसा? मीच त्याची परतीची वाट बुजवली होती.

मी कुंपणाकडे धावले. तो लहानसा ट्रॅक होता, सुरुवातीची रेषा पिटच्या समोरच. "आस्गर!" मी ओरडले. "आस्गर, नको! ये परत!" चार इंजिनं एकाच वेळी किंचाळत असताना माझा आवाज माझ्याच कानांपर्यंत येत नव्हता. चौघं रेषेवर आडव्या ताणलेल्या फितींसमोर पुढं सरकले. आस्गर तिसऱ्या जागेवर, पिवळ्या हेल्मेटमध्ये. पाठ वाकलेली, कोपर वर, नेहमीसारखाच दिसत होता. बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

मी या वेळी डोळे मिटले नाहीत. मिटण्याचं धाडसच झालं नाही.

फिती वर उडाल्या. चिखलाचे फवारे मागं फेकत तीन गाड्या पहिल्या वळणाकडे सुटल्या.

चौथी जागची हलली नाही.

मला आधी वाटलं इंजिन बंद पडलं. पण इंजिन चालू होतं. धूर येत होता, आवाज येत होता. आस्गर क्लच दाबून धरून बसला होता, अगदी तसाच वाकलेला, जणू फिती अजून खालीच आहेत. गवतावर उभा असलेला झेंडेवाला त्याच्यावर ओरडला, हातानं बाजूला हो म्हणून खुणावलं. आस्गर त्याच्याकडे बघेना. कुणाकडेच बघेना.

आणि मग माझ्या डोक्यात आलं की ते तिघं एवढ्यात वळसा घालून इथंच येणार. पुरत्या वेगात. ओल्या मुरुमावरून, एकमेकांनी उडवलेल्या चिखलातून काही न दिसता. आणि त्यांच्या गाड्यांना ब्रेक नाहीत.

"सरक की रे बाजूला!" मी ओरडले. मराठीतच ओरडले, दुसरं काही सुचलंच नाही. "आस्गर, ऊठ! ऊठ की!"

लाल दिवे लागले. झेंडेवाला लाल झेंडा फिरवत वळणाकडे पळाला. पण आवाज जवळ येतच होता. मी कुंपणाच्या फळीवर पाय दिला, तो निसटला, पुन्हा दिला. तेवढ्यात माझ्या शेजारून कुणीतरी फळीवरून पलीकडे पडलं. पडलंच. मग उठून पळालं. ते व्हिगो होते. जिना चढताना कठडा धरून दर पायरीला शिवी घालणारे माझे सासरे ट्रॅकवरून पळत होते.

त्यांनी हँडल धरलं आणि गाडीसकट पोराला आतल्या गवताकडे ओढायला सुरुवात केली. गाडी चिखलात रुतली होती. आस्गर मदत करत नव्हता आणि विरोधही करत नव्हता. व्हिगोंनी खांदा लावला. पहिला स्वार वळणातून बाहेर आला, लाल दिवा पाहून त्यानं वेगाची मूठ सोडली, पण गाडी आपल्या जोरानं येतच होती. तो कुंपणाला घासून गेला. दुसरा त्याच्या मागोमाग. तिसऱ्याला चिखलातून काही दिसलंच नसावं. दिसलं तेव्हा अंतर उरलं नव्हतं. त्यानं गाडी मुद्दाम आडवी पाडली आणि सोडून दिली. ती मोकळी गाडी घसरत, गिरक्या घेत त्या दोघांकडे गेली.

मला किंचाळताही आलं नाही.

ती आस्गरच्या मागच्या चाकावर आदळली. चाकाच्या तारा तुटल्याचा आवाज मला इतक्या लांबून ऐकू आला. आस्गर आणि व्हिगो दोघंही गवतावर पडले. मग सगळी इंजिनं बंद झाली आणि एकदम शांत झालं.

मी कशी पोचले आठवत नाही. आधी पाडलेल्या गाडीचा तो तिसरा स्वार दिसला, चिखलात बसून हेल्मेट काढत होता, धडधाकट. मग आस्गर. गवतावर पाय पसरून बसलेला. मी गुडघ्यावर बसून त्याचा पाय चाचपला, खुबा, मांडी, घोटा, पुन्हा मांडी. सगळं जागच्या जागी होतं. व्हिगो शेजारी बसून धापा टाकत होते. हँडल अजून त्यांच्या मुठीत होतं.

आस्गरनं हेल्मेट काढलं. "सांगितलं का कुणी तुला?" त्यानं विचारलं.

"किर्स्टननं. आत्ता." मला रडू फुटलं, आणि राग आला म्हणून आणखीच फुटलं. "दोन महिने! दोन महिने मी तुला ऊनपाऊस सांगत बसले! एकदा तरी इंग्रजीत बोलायचं होतंस मेल्या!"

"कुठंतरी बोलायला हवं होतं," तो म्हणाला. "तुला कळत नव्हतं, म्हणून तुझ्याजवळ बोलता येत होतं. मी म्हणायचो, आणि तू म्हणायचीस, वाळेल. बरं वाटायचं मला."

मी त्याचा चिखलानं भरलेला हात घट्ट धरून ठेवला. व्हिगोंना इंग्रजी येत नव्हतं. ते आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हणतोयस?" त्यांनी मुलाला विचारलं.

पुढचं डॅनिशमध्ये झालं. थोडं मला तेव्हाच समजलं, उरलेलं आस्गरनं मला त्याच आठवड्यात सांगितलं. आता त्यातला शब्दन्‌शब्द मला कळतो.

"माझी छाती होत नाही," आस्गर म्हणाला.

व्हिगोंनी मान डोलावली. "पडल्यापासून. होतं असं. बरगडीसारखं तेही जुळून येतं."

"पडल्यापासून नाही."

"मग कधीपासून?"

"चौदा वर्षांचा होतो. तू मागून पहिल्यांदा ढकललंस, तेव्हापासून. प्रत्येक फेरीला."

पंच चिखल तुडवत आमच्याकडे येत होते, रुग्णवाहिकेची माणसं झोळी घेऊन पळत होती. व्हिगोंनी हँडलवरचा हात काढून गवतावर टेकला. ते एकाएकी फार म्हातारे दिसायला लागले.

"इतकी वर्षं," ते म्हणाले. "अरे, इतक्या वर्षांत मला का नाही सांगितलंस?"

आस्गरनं त्यांच्याकडे पाहिलं.

"तुला कळलं असतं," तो म्हणाला.

पंचांनी आस्गरला बाद ठरवलं आणि शेवटची फेरी उरलेल्या तिघांत पुन्हा झाली.